उष्णता आणि औषध : त्वचेच्या कर्करोगावरील एका उपचाराची ओळख

जमाखर्चाची पत्रके, शस्त्रक्रियांची संख्या आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखाद्या वैद्यकीय विषयाचा परिचय करून द्यावा, असा या अहवालाचा प्रघात आहे. यंदाचा विषय वाचकांनीच आमच्या पुढ्यात ठेवला, असे म्हणावयास हरकत नाही. 'शेक देऊन कर्करोग बरा करणारे यंत्र निघाले आहे, ते आपल्याकडे का नाही?' हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात रुग्णांचे नातेवाईक विचारतात, आणि विश्वस्तांना त्यांचे स्नेहीही विचारतात. प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात मावत नाही. उष्णतेचा उपयोग होतो, हे खरे आहे. मात्र तो कोणत्या रुग्णाला, कोणत्या औषधाच्या सोबतीने आणि किती होतो, हे नीट समजून घेतले नाही, तर आशेच्या पोटी कुटुंबाचा पैसा आणि त्याहून मोलाचा वेळ हातचा जातो.

त्वचेचे कर्करोग मुख्यतः तीन प्रकारचे. बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल हे पहिले दोन प्रकार बहुधा सावकाश वाढतात आणि वेळीच ध्यानात आले तर शस्त्रक्रियेने पुरते काढून टाकता येतात. गोऱ्या कातडीच्या लोकांत त्यांचे मुख्य कारण ऊन हे आहे. आपल्या त्वचेतील रंगद्रव्य आपल्याला त्यापासून पुष्कळ संरक्षण देते. परंतु आपल्याकडे या रोगाने निराळ्या वाटा शोधलेल्या दिसतात. जुन्या भाजल्याच्या व्रणात किंवा वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेत तो उद्भवतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली कमरेवर धोतराच्या गाठीच्या जागी होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे 'धोतर-कर्करोग' या नावाने तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरण्याची रीत आहे. त्या धगीने पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद तेथील मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच केली होती. म्हणजे वर्षानुवर्षे बसलेली धग त्वचेच्या कर्करोगाला कारण होते, आणि तीच उष्णता त्याच्यावरील उपचारातही कामी येते. यात विसंगती वाटली तरी ती वरवरची आहे. वीस वर्षे रोज त्वचा होरपळणे वेगळे, आणि तापमापकाच्या पहाऱ्यात एक-दीड तास चाळीस अंशांपर्यंत ऊब देणे वेगळे.

तिसरा प्रकार मेलॅनोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींतून तो उगवतो, आणि तिन्हींमध्ये घातक हाच. आपल्या देशात तो विरळा आहे. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर, टाचेवर किंवा नखाखाली होतो. कुरूप समजून, चप्पल लागली असे समजून, किंवा ठेच लागून नखात रक्त साकळले असे समजून रुग्ण महिनोन् महिने थांबतो. या रोगाची एक विचित्र खोड आहे. मूळ गाठ काढून टाकल्यावर काही रुग्णांत, साधारणपणे दहातल्या एकाहून कमी जणांत, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याच पायावर वरच्या बाजूला काळसर दाणे उमटू लागतात. लसिकावाहिन्यांतून जांघेतल्या गाठींकडे निघालेल्या पेशी वाटेतच थांबून तेथे रुजलेल्या असतात. कधी ते पाच असतात, कधी पन्नास. एक कापावा तर दुसरे दोन निघतात. शरीरात अन्यत्र कोठेही रोग सापडत नाही, पण एक पाय मात्र रोगाने भरलेला असतो. उष्णता आणि औषध यांचा संयोग सर्वाधिक अभ्यासला गेला तो याच अवस्थेसाठी, आणि पुढील विवेचन मुख्यतः त्याविषयीच आहे.

पूर्वी अशा रुग्णापुढे दोनच मार्ग असत : पुनःपुन्हा कापत राहणे, नाहीतर पाय मांडीपासून काढून टाकणे. पाय काढूनही अनेकांचा जीव वाचत नसे. औषध द्यावे, तर गाठी विरघळतील एवढी मात्रा अस्थिमज्जेला सोसणारी नव्हती.

या कोंडीतून वाट निघाली ती वेगळ्याच क्षेत्रातून. १९५३ साली अमेरिकेत हृदय-फुफ्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदयावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली. हृदयाचे काम यंत्र काही काळ करू शकते, तर तेच यंत्र एकट्या पायाचे रक्ताभिसरणही चालवू शकेल, आणि तेवढ्या वेळात त्या पायाला शरीरापासून वेगळे राखून औषधाची मोठी मात्रा देता येईल, असा विचार न्यू ऑर्लिन्स येथील ऑस्कर क्रीच आणि एडवर्ड क्रेमेन्ट्झ या शल्यचिकित्सकांनी केला. १९५७ मध्ये त्यांनी ७६ वर्षांच्या एका गृहस्थांवर हा उपचार केला. त्यांच्या पायावरील सर्व गाठी मावळल्या. वयाच्या ९२ व्या वर्षी ते वारले तोपर्यंत रोग परतला नव्हता, अशी नोंद आहे. पहिल्याच रुग्णाचे हे यश इतके दिपवणारे होते, की पुढे कित्येक वर्षे या पद्धतीकडून सर्वांनी वाजवीपेक्षा अधिक अपेक्षा ठेवली, असे आम्हांला वाटते.

औषध होते मेलफॅलान. आपल्याकडे रक्ताच्या व अस्थिमज्जेच्या काही कर्करोगांत ते गोळीच्या रूपात दिले जाते. मोहरी-वायूच्या जातकुळीतील रसायन फेनिलअ‍ॅलानिन या अमिनो आम्लाला जोडून ते तयार करण्यात आले. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी या आम्लाच्या भुकेल्या असतात, तेव्हा आमिषासोबत त्या विषही गिळतील, अशी कल्पना त्यामागे होती. पेशीच्या आत गेल्यावर हे औषध जनुकांच्या दुहेरी साखळीचे दोन पदर एकमेकांना सांधून टाकते, आणि पेशीचे विभाजन थांबते.

पहिल्या प्रयोगात उष्णता नव्हती. ती आली १९६० च्या दशकात. रोम येथील संशोधकांनी १९६७ मध्ये वेगळ्या केलेल्या हातापायांत केवळ तापवलेले रक्त फिरवून पाहिले. गाठी विरल्या, पण निरोगी भागालाही गंभीर इजा झाल्या. त्याच सुमारास ह्यूस्टनचे जॉन स्टेलिन यांनी औषध आणि ऊब यांची सांगड घातली आणि १९६९ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. तेव्हापासून ही जोडी टिकून आहे.

ऊब नेमके काय करते? पहिले कार्य अगदी व्यावहारिक आहे. शरीरापासून तोडलेला पाय शस्त्रक्रियागृहाच्या थंड हवेत झपाट्याने गार होतो, आणि गार पडलेल्या त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आक्रसून घेतात. मेलॅनोमाचे दाणे तर त्वचेत आणि तिच्या लगत खालीच असतात. औषध रक्तात भरपूर आहे, पण पोचावयास हवे तेथे पोचत नाही, असा प्रकार होतो. पाय उबदार ठेवला की वाहिन्या उघडतात. दुसरे कार्य पेशीच्या आतले. तापलेल्या पेशीचे आवरण औषधाला अधिक सहजी आत घेते, आणि औषधाने जनुकांत केलेली मोडतोड दुरुस्त करणारी पेशीची यंत्रणा उष्णतेने लुळी पडते. तिसरी बाब गाठीच्या रचनेची. निरोगी ऊतकातील रक्तवाहिन्या ताप वाढला की रुंदावून उष्णता वाहून नेतात. गाठीतील वाहिन्या वेड्यावाकड्या आणि अपुऱ्या असतात, त्यामुळे उष्णता तेथेच कोंडते. शिवाय प्राणवायूअभावी आम्ल झालेल्या पेशींना ती अधिक बाधते.

तथापि कोणतेही औषध उष्णतेने बळावते असे नाही. मेलफॅलानच्या वर्गातील आणि प्लॅटिनमयुक्त औषधांची धार ऊब मिळताच वाढते. पण मेथोट्रेक्सेट किंवा फ्लुरोयुरॅसिल यांना तिचा फारसा लाभ होत नाही. म्हणून 'केमोथेरपी चालूच आहे, वरून शेकही घेऊ' हा हिशेब बरोबर नाही. तापमानाच्या बाबतीतही मर्यादा अरुंद आहे. ४३ अंशांच्या वर प्रत्येक अंशागणिक तोच परिणाम होण्यास लागणारा वेळ जवळजवळ निम्मा होतो, हा नियम १९८४ पासून या शास्त्रात मोजमापाचा आधार मानला जातो. अर्थात इजाही त्याच वेगाने वाढते. मेलफॅलानसोबत पायाचे तापमान ४१ ते ४२ अंशांवर नेले असता स्नायूंची हानी फार होते, असा अनुभव आल्यामुळे बहुतेक केंद्रे ३९ ते ४० अंशांवरच थांबतात. साध्या तापात आपले अंग एवढे तापतेच. 'उष्णतोपचार' या शब्दाने डोळ्यांपुढे जे धगधगते चित्र उभे राहते, त्याहून वस्तुस्थिती पुष्कळ सौम्य आहे.

प्रत्यक्ष उपचाराचे वर्णन थोडे सविस्तर करतो, कारण ज्यांच्या घरी हा प्रसंग येतो त्यांना तो जाणून घ्यावासा वाटतो. औषधाची मात्रा रुग्णाच्या वजनावरून ठरत नाही. ती पायाच्या आकारमानावरून ठरते. त्यासाठी पाय पाण्याच्या उभ्या पात्रात बुडवून बाहेर पडलेले पाणी मोजण्याची साधी युक्ती वापरली जाते. दर लिटरमागे पायाला १० मिलिग्रॅम आणि हाताला १३ मिलिग्रॅम औषध, हे प्रमाण रूढ आहे. पूर्ण भूल दिल्यावर शल्यचिकित्सक जांघेत किंवा त्याच्या किंचित वर छेद घेऊन पायाला शुद्ध रक्त नेणारी रोहिणी आणि अशुद्ध रक्त परत आणणारी नीला मोकळी करतात, दोहोंत नळ्या घालतात आणि त्या यंत्राला जोडतात. यंत्र रक्तात प्राणवायू मिसळते, ते तापवते आणि पायात परत ढकलते. पायाच्या मुळाशी रबरी पट्टा घट्ट आवळला जातो, जेणेकरून उरलेल्या बारीक वाहिन्यांतूनही रक्ताची ये-जा होऊ नये. स्नायूत आणि त्वचेखाली तापमापक सुया टोचलेल्या असतात. पायाखाली उबदार पाण्याची गादी असते.

सर्वांत जोखमीची बाब गळतीची. पायात फिरणारे औषध हे शरीराला सोसेल त्याच्या पंधरा ते पंचवीस पट तीव्रतेचे असते. ते धडात झिरपले, तर अस्थिमज्जा धोक्यात येते. म्हणून किरणोत्सारी पदार्थाची अत्यल्प मात्रा पायातील रक्तात मिसळतात आणि छातीवर मोजणीयंत्र ठेवतात. हृदयापाशी किरणांची मोजणी वाढू लागली, की गळती सुरू झाली असे समजावे. ती थांबत नसेल तर उपचार तेथेच थांबवावा लागतो. सगळे सुरळीत असेल तर सुमारे एक तास औषध फिरवून, मग काही लिटर द्रावणाने पाय आतून धुऊन काढतात, वाहिन्या शिवतात आणि पायाचे रक्ताभिसरण पुन्हा हृदयाच्या स्वाधीन करतात.

पुढील काही दिवस पाय लाल होतो, सुजतो, कधी त्यावर फोड येतात. या प्रतिक्रियेच्या पाच पायऱ्या मानल्या आहेत. पहिलीत काहीच जाणवत नाही. पाचवीत इतकी हानी होते की पाय काढावा लागतो. बहुतेक रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर थांबतात. पाय वाचवण्यासाठी केलेल्या उपचारात क्वचित पायच गमवावा लागतो, हे कुटुंबाला आधी स्पष्ट सांगितले पाहिजे. संमतीपत्रावर सही घेण्याच्या घाईत ते राहून जाता कामा नये.

सिडनी येथील जॉन थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याची सुटसुटीत आवृत्ती काढली. तीत वाहिन्या उघड्या न करता, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहून बारीक नळ्या आत सरकवतात आणि औषध वीस-तीस मिनिटे हलक्या गतीने फिरवतात. हृदय-फुफ्फुस यंत्र लागत नाही, आणि गरज पडल्यास उपचार पुन्हा करता येतो. वृद्ध व अशक्त रुग्णांना ही पद्धत अधिक मानवते.

आता फलिताविषयी. जुन्या अहवालांत निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांच्या सर्व गाठी मावळल्याचे आढळते. मात्र अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर संपूर्ण मावळण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशच आले. मेलफॅलानच्या जोडीला टी.एन.एफ. हे द्रव्य दिल्यानेही ते वाढले नाही. त्याआधी १९९८ मध्ये युरोपातील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले होते. त्यात ८३२ रुग्णांवर असे तपासले होते, की मूळ गाठ काढतानाच हा उपचार खबरदारी म्हणून दिला तर आयुष्य वाढते का. ते वाढले नाही. तेव्हापासून 'पुढे रोग होऊ नये म्हणून' हा उपचार करणे गैर ठरले. दाणे प्रत्यक्ष उमटलेले असतील आणि ते एका पायापुरते किंवा हातापुरते असतील, तरच तो योग्य. त्याने रोगावर स्थानिक ताबा येतो, झिरपणाऱ्या, रक्ताळणाऱ्या गाठींपासून सुटका होते, बहुतेकांचा पाय वाचतो. रोग यकृताला किंवा फुफ्फुसाला आधीच पोचला असेल, तर त्याला हा उपचार शिवतही नाही. स्वतःच्या पायांनी चालत घरी जाता येणे ही आमच्या मते लहान गोष्ट नाही. पण ती म्हणजे रोगमुक्ती नव्हे.

त्वचेवर बाहेरून उष्णता देणारी सूक्ष्मलहरींची यंत्रेही आहेत. ती तीन-चार सेंटिमीटर खोलीपर्यंत पोचतात, आणि बहुधा किरणोपचारांच्या जोडीने वापरली जातात. मेलॅनोमाच्या पसरलेल्या वा उलटलेल्या गाठींविषयी १९९५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेली युरोपीय चाचणी या बाबतीत महत्त्वाची आहे. ७० रुग्णांच्या १३४ गाठींपैकी, नुसते किरण दिलेल्या गाठींत दोन वर्षांनी २८ टक्के नियंत्रणात होत्या, तर किरणांसोबत उष्णता दिलेल्या गाठींत ४६ टक्के. हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण येथेही उष्णता हा नुसता जोडीदार आहे. शिवाय एकदा तापवलेल्या पेशी स्वसंरक्षक प्रथिने तयार करतात आणि दोन-तीन दिवस उष्णतेला दाद देत नाहीत. म्हणून रोज शेक दिल्याने लाभ रोज वाढत नाही. आठवड्यातून एक-दोनदाच तो द्यावा लागतो.

याच यंत्रासाठी एका हितचिंतकांनी मातोश्रींच्या स्मरणार्थ देणगी देऊ केली होती. आमच्याकडे किरणोपचार विभाग नाही, आणि त्याशिवाय ते यंत्र म्हणजे महागडी शेकण्याची पिशवी ठरले असते. विश्वस्त मंडळाने ही अडचण त्यांच्यापुढे मांडली आणि त्याऐवजी त्वचेच्या संशयित गाठींची ऊतक-तपासणी गरजू रुग्णांना विनामूल्य करून द्यावी, असे सुचवले. त्यांनी ते मोठ्या मनाने मान्य केले. भिंतीवर नाव कोरलेले यंत्र दिसते, काचपट्टीवरची तपासणी दिसत नाही. हे ठाऊक असूनही दिलेल्या या देणगीचे मोल आम्ही जाणतो.

गेल्या काही वर्षांत चित्र आणखी पालटले आहे. २०११ पासून, आणि विशेषतः २०१४ नंतर, शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करणारी नवी औषधे मेलॅनोमासाठी उपलब्ध झाली. दूरवर पसरलेल्या रोगातही काही रुग्ण वर्षानुवर्षे ठीक आहेत. त्यामुळे पायाला वेगळे करून उष्ण औषध देण्याची वेळ आता कमी येते. तरीही ती पद्धत कालबाह्य झालेली नाही. एक तर ही नवी औषधे अतिशय महाग आहेत. दुसरे म्हणजे आपल्याकडे आढळणाऱ्या तळपायाच्या मेलॅनोमावर ती उन्हाने होणाऱ्या मेलॅनोमाइतकी प्रभावी ठरत नाहीत. ज्यांना ती लागू पडत नाहीत आणि रोग एका पायापुरताच आहे, अशांसाठी हा जुना मार्ग खुला आहे. मात्र तो अनुभवी चमू असलेल्या मोजक्या मोठ्या केंद्रांतच चोखाळावा.

घरगुती उष्णतेविषयी एक विनंती. न भरणाऱ्या जखमेवर बिब्बा लावणे, डाग देणे, तव्यावर तापवलेल्या फडक्याने शेकणे हे प्रकार आमच्या परिसरात अजून चालतात. बिब्ब्याने त्वचा भाजते, मूळ गाठीचा आकार व रंग बिघडतो आणि निदान अवघड होते. तळपायावरचा काळा डाग वाढत असेल, त्याच्या कडा वेड्यावाकड्या असतील, नखाखालची काळी रेघ रुंदावत असेल, किंवा जुन्या भाजल्याच्या व्रणात नवी जखम होऊन महिनाभरात भरत नसेल, तर काहीही न लावता दाखवावयास यावे. मधुमेही रुग्णांच्या पायांची तपासणी आमच्याकडे होतेच. तिथल्या परिचारिकांना अशा डागांची नोंद करावयास सांगितले आहे.

ज्यांना पुढील सल्ल्यासाठी मुंबईस किंवा अन्यत्र जावे लागते, त्यांनी निघण्यापूर्वी आमच्या प्रयोगशाळेतून केवळ अहवालाचा कागद न घेता तपासणीच्या काचपट्ट्या आणि ऊतकाचा मेणाचा ठोकळाही मागून घ्यावा. तो रुग्णाच्या हक्काचा आहे आणि त्यासाठी शुल्क आकारले जात नाही. मोठ्या केंद्रात पहिल्याच भेटीत तो मागतात. नसला तर एवढ्यासाठी परतीचा प्रवास करावा लागतो.